सदनास नाव मिळाले. मुलास घर केव्हा मिळणार?

शहरांतल्या इंग्रजी शाळांतून 'हाऊस' नावाची एक चाल आमच्या खेड्यापाड्यांच्या शाळांपर्यंत येऊन पोचली आहे. ज्या आईबापांस ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. शाळेतील सर्व मुलामुलींचे चार गट पाडावयाचे, प्रत्येक गटास एक नाव व एक रंग द्यावयाचा, एक नायक नेमावयाचा. आणि हजेरी, गणवेश, परिपाठ, खो-खो, वक्तृत्व अशा प्रत्येक बाबीत गुण देऊन ते फळ्यावर मांडावयाचे. वर्षअखेर ज्याचे गुण जास्त त्यास ढाल. मराठीत यास कोणी सदन म्हणतात, कोणी नुसते गट. आमच्या शाळेत एका गृहस्थांनी 'वाडा' हा शब्द सुचविला होता. परंतु पाटलाचा वाडा, महारवाडा, मांगवाडा असे वाडे गावात पिढ्यान्‌पिढ्या होते तेवढे पुरेत, शाळेत आणखी नकोत, असे म्हणून आम्ही तो मोडून काढला. सदन हाच शब्द राहिला.

ही चाल मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या मुलाने लहानास हाताशी धरावे, सातवीच्या मुलीने दुसरीच्या मुलीचे पाढे घ्यावे, हे सदनामुळे घडते व आम्ही ते पाहिले आहे. परंतु दोन वर्षांच्या अनुभवाने एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती शिक्षकांच्या बैठकीत बोलून भागण्यासारखी नाही. ज्यांची मुले या शाळांत बसतात त्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढेच ती मांडावयास हवी.

आरंभी आमच्या शाळेत सदनांस नावे नव्हती, रंग होते: तांबडा, निळा, हिरवा, पिवळा. रंग तरी निरुपद्रवी असतील अशी आमची भोळी समजूत. परंतु आमच्या गावात रंगासही जात आहे व धर्मही आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळले. अमक्याचे पोर निळ्यात का घातले, तमक्याचे हिरव्यात का नाही, अशी विचारणा घेऊन माणसे शाळेच्या दारात आली. तेव्हा रंग टाकून आपल्या मुलुखातील थोर माणसांची नावे द्यावी, असे शिक्षकांनी ठरविले. त्यात हेतू चांगला होता. हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. आमच्या आजोबांच्या पिढीतील कुणब्याच्या मुलास तर मराठी चौथीचे पुस्तकही दुर्मिळ. मग आपल्या पायाखालच्या मातीत कोण माणसे होऊन गेली हे त्यास कोण सांगणार? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपापल्या घराण्यांची कथा लिहिली. नांगर, ऐरण, चाक व माग ज्यांच्या हाती होते त्यांची कथा लिहावयाची राहून गेली. सदनाच्या निमित्ताने ती मुलांच्या कानी पडेल असे आम्हांस वाटले.

नावे ठरविण्यास शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलाविली. २००९ च्या कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस अजून माहीत नाही. म्हणून येथे मुद्दाम लिहून ठेवतो. सभेत एकाने आद्यकवी मुकुंदराजांचे नाव घेतले, दुसऱ्याने दासोपंतांचे. मागे भिंतीस टेकून बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "गुरुजी, दोघेही अंबाजोगाईचे, दोघेही पोथीवाले. नांगरवाला एखादा गावंना का?" सभेत हशा पिकला. पण म्हाताऱ्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

दासोपंतांची पासोडी पुष्कळांनी ऐकली असेल. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीस या पुरुषाने कागद सोडून लांबच लांब जाड कापडावर ओव्या लिहून काढल्या. लिहिणाऱ्याचे नाव चारशे वर्षे टिकले ते योग्यच. परंतु ज्या साळ्या-कोष्ट्याने ते कापड विणले व ज्याच्या घट्ट विणीमुळे ती अक्षरे टिकली, त्याचे नाव कोणास ठाऊक आहे? बीडजवळची खजाना विहीर पाहा. मुर्तझा निजामशहाच्या काळी जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली व राजा भास्कर नावाच्या स्थपतीने ती बांधली असे सांगतात. जमिनीखालून नहर काढून झऱ्यांचे पाणी विहिरीत आणले, आणि तेथून पुन्हा नहरानेच शेतांस नेले. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही अशी तिची ख्याती. करविणारा मुसलमान, आखणारा हिंदू. आणि कुदळीने खडक फोडणारे वडार, पाथरवट, बेलदार कोणत्या गावचे होते ते देवास ठाऊक. आमच्या मते बीड जिल्ह्याचा इतिहास एका विहिरीत पाहावयाचा असेल तर तो येथे पाहावा.

असो. बऱ्याच वादानंतर चार नावे ठरली. मुकुंदराज, कारण संस्कृताच्या कुलपात बंद असलेले ज्ञान त्यांनी 'विवेकसिंधू'त मराठीत आणले. परंपरेने त्या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मानतात. त्यांच्या जातीशी आम्हांस कर्तव्य नाही. कुणब्याच्या भाषेत जो बोलला तो कुणब्याचा. अहिल्याबाई होळकर, कारण परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार त्यांनी केला, त्यांचे जन्मगाव चौंडी आमच्या जिल्ह्याच्या शिवेलगत आहे, आणि धनगराच्या या मुलीने अठ्ठावीस वर्षे राज्य सांभाळले. भगवानबाबा, कारण १८९६ साली सुपे सावरगावी जन्मलेल्या या वारकऱ्याने डोंगरातल्या कष्टकरी लोकांस कीर्तनातून माळ घातली आणि मुलांस शाळेत घालण्याचाही आग्रह धरला. चौथे नाव क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्याकडील येडे मच्छिंद्रचा हा तलाठी सत्यशोधकांच्या वाऱ्यात वाढला, त्याने इंग्रजी अंमलात प्रतिसरकार चालविले, आणि १९६७ साली बीडच्या मतदारांनी त्यांस लोकसभेवर पाठविले. परक्या जिल्ह्याचा फाटका माणूस आपला म्हणून निवडून देणारा हा जिल्हा आहे, हे आज पोरांस सांगितले तर त्यांस खरे वाटत नाही.

नावे ठरली, तोच सभेतील एका पिंजारी गृहस्थाने शांतपणे विचारले, "आमच्यातलं कुणी नाही का, गुरुजी?" त्यांस आम्ही खजाना विहिरीची गोष्ट सांगितली व पुढे पाचवे सदन निघालेच तर त्यास 'खजाना' नाव देऊ असे म्हटले. पाचवे सदन निघणार नव्हते, हे त्यांसही समजत होते. मग एका बौद्ध पालकाने बाबासाहेबांचे नाव का नाही म्हणून विचारले. आम्ही म्हणालो, नियम असा की आपल्या जिल्ह्यातील माणसे घ्यावयाची. त्यावर ते म्हणाले, "नाना पाटील साताऱ्याचे. ते चालले ते कसे?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाचनालयास बाबासाहेबांचे नाव देऊन आम्ही वेळ मारून नेली, हे येथे कबूल करणे बरे.

मराठवाड्यातल्या माणसास नावाची किंमत कोणी शिकवावयास नको. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यापायी गोरगरिबांची घरे जळाली, माणसे मेली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी, तेही विस्तार करून. ज्या मुलुखात एका नावासाठी एवढे झाले, तेथे शाळेच्या फळ्यावर चार नावे लिहिणे हा पोरखेळ नव्हे, हे आम्ही त्या सभेत विसरलो होतो.

एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली. मुले कोणत्या सदनात जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरविले. अमुक जातीचे मूल अमुक नावाखाली, असे होऊ दिले नाही. दोघे-तिघे बाप येऊन म्हणाले की आमच्या पोराला आमच्या माणसाच्या सदनात टाका. त्यांस आम्ही सांगितले की तुमचा माणूस तुमच्या पोराला घरीच माहीत आहे. शाळेत त्याला दुसऱ्याचा माणूस माहीत होऊ द्या. भावंडे तेवढी एका सदनात ठेवली, कारण धाकटे मूल थोरल्याच्या मागे जाते व ओढून काढले तर रडते. या साध्या दयेतून पुढे काय निघाले ते सांगावयाचेच आहे.

पहिला धडा खो-खोने दिला. सामना संपला, निकाल फळ्यावर लिहिला गेला: मुकुंदराज विजयी, भगवानबाबा पराभूत. सायंकाळी गळ्यात माळ घातलेले एक वृद्ध गृहस्थ शाळेत आले. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "बाबांच्या नावापुढं हे लिहायचं?" आम्ही ओल्या फडक्याने ते पुसले. पण उद्या कोण हरणार? अहिल्याबाई हरल्या तर धनगरवस्तीवर काय वाटेल, नाना पाटील 'बाद' झाले हे कोणत्या हाताने लिहावयाचे? ज्या माणसांपुढे मुलांनी हात जोडावे म्हणून नावे दिली, त्यांस आपण आपल्याच अंगणात एकमेकांविरुद्ध पळावयास लाविले. नशीब, शिवाजी महाराजांचे सदन काढले नव्हते. ज्या शाळांत ते असते, तेथे प्रत्येक मुलास त्याच सदनात जावयाचे असते, आणि उरलेल्या तीन सदनांतील मुले खेळात आपोआप मोगल ठरतात.

परंतु हा दोष फडक्याने पुसण्यासारखा होता. दुसरा तसा नव्हता.

आमच्या शाळेत ऐंशी मुले. प्रत्येक सदनात वीस. हजेरीचा नियम असा, की रोज प्रत्येक हजर मुलामागे सदनास एक गुण. चिठ्ठ्यांचा योग व भावंडे एकत्र ठेवण्याचा नियम यांमुळे नाना पाटील सदनात ऊसतोडीस जाणाऱ्या तीन कुटुंबांची मिळून आठ मुले आली. दुसऱ्या सदनांत अशी दोन-दोन, तीन-तीन. दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली, उचल घेतलेली बिऱ्हाडे गेली. त्यानंतर कोयता परत येईपर्यंत शाळेचे दिवस झाले सुमारे शंभर. आता वाचकांनीच गणित करावे. आठ मुले गुणिले शंभर दिवस, म्हणजे आठशे गुण गेले. ढाल जिंकणाऱ्या सदनाची दोनच मुले गेली होती, त्यांचे गेले दोनशे. वर्षअखेर नाना पाटील सदन पाचशे गुणांनी मागे राहिले व शेवटचे आले. म्हणजे हजेरी सोडून बाकी सर्व बाबतींत, खेळात, पाठांतरात, स्वच्छतेत, ते शंभर गुणांनी पुढेच होते! आठ मुलांच्या आईबापांनी कर्ज घेतले, म्हणून बारा मुलांची ढाल गेली. आणि हा हिशेब आम्ही, पगार घेणाऱ्या शिक्षकांनी, रोज सकाळी आपल्या हाताने फळ्यावर मांडीत होतो.

चैत्रात बिऱ्हाडे परतली. त्यांत चौथीतील एक मुलगी होती. खो-खोत तिच्यासारखी पळणारी शाळेत दुसरी नाही. चार-पाच महिने तिने कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्या भावास सांभाळले, आई मोळ्या बांधी तेव्हा चूल पेटविली, वाढे गोळा केले. ती शाळेत आली त्या दिवशी तिच्याच सदनातली पोरे तिला म्हणाली, "तुमच्यामुळं आपण बुडालो." मुले दुष्ट नसतात, जे फळ्यावर दिसले तेच ती वाचीत होती. दुसऱ्या दिवशी परिपाठास ती दुसऱ्याच सदनाच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. आम्ही विचारले, इकडे का गं? ती म्हणाली, "हितं माझ्यामुळं कुणी हरत नाही."

ज्या नाना पाटलांनी सावकाराच्या व सरकारच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसास ताठ उभे राहावयास शिकविले, त्यांच्या नावाच्या रांगेतून एक मजुराची पोर अशी खालमानेने निघून गेली. 'नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण आम्ही मुलांस वर्षानुवर्षे शिकविली. तिचा अर्थ आम्हांस त्या दिवशी समजला.

मग ही चाल आली कोठून, याचा आम्ही शोध केला. विलायतेत श्रीमंतांच्या निवासी शाळा असतात. तेथे मुले ज्या घरात राहतात, जेवतात, झोपतात, त्या घरास हाऊस म्हणतात. घराचा एक प्रमुख शिक्षक असे, आणि पुष्कळ ठिकाणी घर त्याच्याच नावाने ओळखले जाई. आजारी पडले तर तेथेच औषधपाणी व्हावयाचे. म्हणजे आधी खरोखरीचे घर. मग त्या घराचे नाव. आणि शेवटी या घराची त्या घराशी चढाओढ. आम्ही काय उचलले? चढाओढ उचलली, नाव उचलले, ढाल उचलली. घर तेवढे विलायतेतच राहिले.

वास्तविक घर म्हणजे काय, हे शिकावयास आमच्या लोकांस विलायतेस जाण्याची गरज नव्हती. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिले बोर्डिंग काढले त्यास नाव होते व्हिक्टोरिया राणीचे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह निघाले, त्यासही एका इंग्रज बाईचेच नाव होते, मिस क्लार्क. नाव परक्याचे होते, पण आत भाकरी होती, दिवा होता, अंथरूण होते. आणि खेड्यातून पायी आलेला पोरगा तेथे राहून वकील, मामलेदार, शिक्षक होऊन बाहेर पडला. जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, पांचाळ, एकेका जातीचे बोर्डिंग निघाले, कारण त्या काळी एका पंगतीस कोणी बसेना. जातवार बोर्डिंगे हा जिना होता; जिन्यावरच बिऱ्हाड थाटावे असे महाराजांचेही मत नव्हते. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील चढले. साताऱ्यास १९२४ साली त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस जेवली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव लागले ते आधी भाकरी शिजल्यावर, १९२७ साली. क्रम ध्यानात घ्यावा.

आमच्याच जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गढी येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या धोरणाप्रमाणे निघालेल्या या शाळांत पाऊणशे टक्के जागा खेड्यातील मुलांस असतात आणि मुले तेथेच राहतात. तेथे सदने आहेत व ती खरी सदने आहेत, कारण मूल रात्री तेथे झोपते. त्यांची नावे देशभर एकच: अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. बालाघाटाच्या मुलुखातील मुलांस अरावलीचे काय, बालाघाट नाव द्यावयास काय झाले होते, अशी थट्टा आम्ही पूर्वी केलेली आहे. आता ती मागे घेतो. एक तर या शाळांतील नववीची काही मुले वर्षभर दुसऱ्या भाषेच्या प्रांतातील शाळेत पाठवितात. गढीचे पोर उत्तरेत गेले तरी त्यास ओळखीच्या नावाचे सदन सापडते. आणि दुसरे असे, की निलगिरी खो-खोत हरली म्हणून कोणा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. परंतु त्या शाळेत परीक्षा देऊन निवडक मुलेच जातात. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांपैकी कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहाची सोय सांगितली आहे. आईबाप फडावर गेले असता मुलांनी गावातच राहावे, त्यांस दोन वेळ जेवण मिळावे, शाळा बुडू नये, अशी ती योजना. आणि ती चालवावयाची याच शाळा व्यवस्थापन समितीने. कागदावर उत्तम. आमच्या गावी एका वर्षी तिची मंजुरी दिवाळीनंतर दीड महिन्याने हाती आली. तोपर्यंत मुले घाट उतरून तीन जिल्हे पलीकडे गेली होती. उसाला मुहूर्त चुकत नाही, मुकादमाला चुकत नाही. चुकतो तो शाळेलाच. पुन्हा, जागा म्हणजे एखाद्या वर्गाची खोली; मुलींसाठी निराळी सोय असेलच असे नाही. म्हणून आई म्हणते, दहा वर्षांची पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवू? त्यापेक्षा माझ्या डोळ्यांपुढे कोपीत बरी. त्या आईस अडाणी म्हणणारे आम्ही नव्हे.

सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या थरावर होतो. आज साखर कोणाच्या घामातून येते ते आमच्या जिल्ह्यास सांगावयास नको. त्या घामाच्या मुलास रात्री निजावयास शाळेत दोन खोल्या मिळू नयेत, आणि आम्ही मात्र दिवसा भिंतीवर चार थोर पुरुषांची नावे रंगवीत बसावे, हे आता आमच्याने होत नाही.

यंदा आम्ही समितीपुढे जे मांडणार आहोत ते येथे उघड सांगून टाकतो. चार गटांवरची थोर माणसांची नावे काढावी. गट हवेतच; पण त्यांस लिंब, चिंच, बाभूळ, सीताफळ म्हणावे. बाभूळ हरली तर बाभळीचे काही बिघडत नाही. हजेरीचे गुण अजिबात बंद करावे; गणवेशाचेही करावे, कारण एकच सदरा असलेले मूल सोमवारी धुतलेला कोठून आणील? जे मूल कोयत्याबरोबर जाईल त्याच्या शिक्षण हमी कार्डावर त्याच्या गटाचे नाव लिहावे, आणि त्या गटातील मुलांनी त्यास महिन्यास एक तरी पत्र धाडावे किंवा फोनवर बोलावे. परत येईल तेव्हा तिकडे काय पाहिले, कोणता मुलूख, कोणती नदी, ते त्याने सर्वांपुढे सांगावे. त्याचे गुण गटास मिळावे. चार महिने नदीकाठच्या मुलखात राहून आलेल्या मुलास भूगोल येत नाही असे समजणे हा आमचाच अडाणीपणा होता.

आणि थोर माणसाचे नाव? ते एकाच इमारतीस द्यावे. शाळेच्या मागे दोन खोल्या वापराविना पडून आहेत. पत्रे गळतात, एकीला दार नाही. त्या नीट करून दिवाळीपूर्वी तेथे वसतिगृह सुरू करावे, मंजुरी मागाहून आली तरी. मुलींच्या खोलीत रात्री झोपावयास गावातील दोन विधवा बायांनी होकार दिला आहे. त्यांस मानधन मिळालेच पाहिजे, धर्माने म्हणून कोणी काम करून घेऊ नये. सुतार गृहस्थांनी दार करून देण्याचे कबूल केले आहे, लाकूड गावाने द्यावयाचे. ज्वारीचा प्रश्न आहे. ज्यांच्या कणगीत आहे त्यांस ते माहीत आहे, आम्ही नावे घेत नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो आम्हांस आधीच ऐकू येतो: मग इतिहास शिकवावयाचा कोठे? इतिहास फळ्याखाली उभे राहून घोषणा दिल्याने येत नाही. मुलांस एक दिवस खजाना विहिरीवर न्यावे, नहराचे तोंड दाखवावे, आणि विचारावे की हे कोणी खणले असेल. त्या दिवशी पिंजाऱ्याचे पोर, वडाराचे पोर व पाटलाचे पोर एकाच पाण्यात वाकून पाहतील. अंबाजोगाईस न्यावे, मुकुंदराजांची समाधी दाखवावी. सदनाच्या गुणांची त्यासाठी काही जरूर नाही.

समितीची सभा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर आहे. ज्यांनी उचल घेतली आहे त्यांनी किती मुले मागे ठेवता येतील ते त्या दिवशी सांगावे. बायांनी अवश्य यावे. निम्म्या जागा त्यांच्या आहेत व मागच्या सभेत त्या पुरुषांनीच अडविल्या होत्या. त्या दोन खोल्यांस कोणाचे नाव द्यावयाचे, यावर मात्र त्या दिवशी कोणी बोलू नये असे आम्ही सुचविणार आहोत. ते तेथे राहणाऱ्या मुलींनी ठरवावे, चार रात्री तेथे झोपून झाल्यावर.